ढेकळाचं माप

१

लांबून आमच्या कामाचं कौतुक फार. कुठल्याही समारंभात कुणीतरी बाई भेटते आणि म्हणते, "अय्या, तुम्ही समुद्रातल्या जुन्या वस्तू जपता? काय भारी!" मग मी तिला सांगते, की बाई गं, मी दिवसभर टाक्यांतलं पाणी बदलते. वस्तू समुद्रातून वर आली की आधी तिच्या अंगातलं मीठ काढायचं. गोड्या पाण्यात बुडवायची, पाणी खारट झालं की ओतायचं, पुन्हा भरायचं, असं महिनोन्‌महिने. घाई केली तर लोखंडाचे पापुद्रे सुटतात आणि लाकूड सुकलेल्या लिंबासारखं आक्रसतं. ज्याला धीर नाही त्यानं या वाटेला जाऊ नये. मला बाकी कशाचा नसला तरी याचा धीर आहे.

आमची प्रयोगशाळा संग्रहालयाच्या तळघरात. लांबट खोली, दोन्ही भिंतींना टाक्या, त्यांच्या पंपांची सतत घरघर. खिडक्या छताला लागून, इतक्या वर, की त्यांतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. नव्या माणसाला ती घरघर नकोशी होते. मला ती थांबली की दचकायला होतं.

त्या वर्षी आमच्याकडे ढेकूळ आलं. हे नाव आमच्या एक्स-रेवाल्यानं ठेवलेलं. बुडालेल्या जहाजाशेजारी पाणबुड्यांना सापडलेला, माझ्या कमरेएवढा उंच, ओबडधोबड गोळा. लोखंडाची वस्तू समुद्रात पडली की तिच्याभोवती वाळू, शिंपले, गंज असं सगळं थापत जातं आणि दगडासारखं कवच तयार होतं. पुढे आतलं लोखंड विरघळून जातं. कवच राहतं, आणि कवचाच्या पोटात त्या वस्तूची रिकामी जागा. आम्ही एक्स-रे काढून ती पोकळी बघतो, कवचाला भोक पाडून आत रेझिन, म्हणजे पातळ राळ, ओततो, ते घट्ट झालं की कवच फोडतो. जी वस्तू कधीच संपून गेली ती अशी हुबेहूब हातात येते.

हे दादाला समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते.

"म्हणजे खड्ड्यात सिमेंट ओतायचं आणि मग खड्डा फोडायचा," तो म्हणाला. "आणि याचा तुम्हाला पगार मिळतो?"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शिंपी. आईवडील गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यानं मशीनवर बसून मला शिकवलं, मोठं केलं. त्यानंही लग्न केलं नाही, मीही नाही. घरात आम्ही दोघंच, पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागे आमचा संसार. दिवसभर एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय दोघांनाही अन्न पचत नाही.

प्रयोगशाळेतले आमचे कोटही तोच शिवायचा. म्हणून ढेकूळ टाकीत सोडायला जाड कापडाची झोळी हवी होती तेव्हा मी त्यालाच बोलावलं. तो टेप घेऊन आला, ढेकळाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि टेप खिशात घातली.

"हे गिऱ्हाईक वाकडं आहे. हातानंच अंदाज घ्यावा लागेल."

मी हातमोजे दिले. ते त्यानं काढून टेबलावर ठेवले. "मोज्यांतून काही कळत नाही गं, ठमे." मला तो ठमीच म्हणतो, माझे केस पिकले तरी. मग त्यानं ढेकळाला दोन्ही हातांनी कव घातली, गाल टेकवला, पाठीवरून, पोटाखालून हात फिरवले. एका बाजूला भोक होतं, त्यात उजवा हात मनगटापर्यंत घातला.

"अगं, आत जागा आहे. हात कसा अगदी चपखल बसतो!"

"काढ तो हात. तुझ्या बापाचं आहे का ते?"

"माझ्या बापाचं असतं तर तुझ्याही बापाचं असतं," तो म्हणाला, आणि हात काढला. तो ओला झाला होता. त्यानं तो विजारीला पुसला आणि आम्ही दोघं चहा प्यायला वर गेलो.

२

त्या भोकाच्या बाजूचा एक्स-रे आधीच काढलेला होता. पोकळी सरळ होती, सळईसारखी, टोकाला निमुळती. जहाजाचा खिळा असणार. सरांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, तेवढाच भाग आधी करून बघायला सांगितलं.

मी अंदाजानं रेझिन कालवलं आणि ओतायला लागले. एवढ्याशा सळईला लागतं किती? पण ते पितच राहिलं. कालवलेलं संपलं, पुन्हा कालवलं. कुठे गळतंय का म्हणून खाली हात फिरवला, तर सगळं कोरडं. रेझिन घट्ट होताना तापतं. जाड भाग आधी तापतो आणि आधी धरतो, बारीक टोकं शेवटी. मी कवचावर तळवा ठेवला. ते बराच वेळ ऊन होतं, अंगात ताप असावा तसं.

दुसऱ्या दिवशी छिन्नीनं कवचाची कड उडवायला घेतली. पहिला तुकडा पडला आणि आतून जे बाहेर आलं ते बोट होतं. मी थांबले. मग हळूहळू दुसरं बोट, तिसरं, अंगठा, तळवा. मनगटापाशी पोकळी संपलेली. कातडीवरच्या बारीक रेघासुद्धा आल्या होत्या.

सर धावत खाली आले. एवढा शांत माणूस, पण त्यांचा आवाज चिरकला. "बाई! पुतळा आहे! लोखंडी पुतळा! उरलेला आतच असणार!"

"पण सर, एक्स-रेत सळई होती."

"ताई, मी सळईच काढली होती," एक्स-रेवाला गालातल्या गालात हसत म्हणाला. "हात तुम्ही काढलात."

सगळे हसले. मीही. मग सगळे गेल्यावर दिव्याखाली तो हात धरून नीट बघितला. अंगठ्याचं नख मधोमध चिरून पुन्हा जुळलेलं होतं, मध्ये उंचवटा राहिलेला. असं नख मी रोज बघते. दादाच्या अंगठ्यातून तरुणपणी मशीनची सुई आरपार गेली होती, त्याची खूण. मी स्वतःलाच म्हटलं, जगात नखं काय एकाचीच चिरतात का? आणि हात खोक्यात ठेवून दिला.

३

घरी आले तर दुकानाचा दिवा बंद. दादा मशीनसमोर नुसता बसला होता, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून.

"काय रे, आज संप का?"

"हात झोपलाय," तो म्हणाला. "कालपासून. रात्री अंगाखाली आला असेल म्हटलं, पण उठायचं नावच घेत नाही. कात्री चार वेळा पडली. एकदा पायावर."

"मग पाय बघू."

"पायाला कळलं ते. हाताला काही कळत नाही, हे बघ." त्यानं डाव्या हातानं टाचणी उचलली आणि मी ओरडेपर्यंत उजव्या तळव्यात खुपसली. त्याचा चेहरा हलला नाही. "टाचण्यांची उशी झालीय नुसती."

त्याला चेष्टा करायची होती, पण डोळ्यांत भीती होती. शिंप्याचा उजवा हात गेला तर उरतं काय? मी त्याला म्हातारा झालास, हट्टी झालास, वेळेवर दाखवत नाहीस, असं सगळं बोलून घेतलं. माझा तो स्वभावच आहे. घाबरले की मी भांडते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मान, खांदा, कोपर दाबून बघितलं आणि वर्षानुवर्षं वाकून बसल्यानं शीर दबली असेल म्हणाले. गोळ्या दिल्या. मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली, त्यांची तारीख लांबची मिळाली.

शीर दबली. किती सोपं, किती पटण्यासारखं. मी ते मनात घोकत कामाला गेले.

४

हाताच्या बोटांच्या बेचक्यांत कवचाचे कण राहिले होते. मी त्या दिवशी सकाळी तो हात बेसिनमध्ये धरला, गार पाणी सोडलं आणि मऊ ब्रशनं बोटं एकेक करून घासली. मग पंच्यात गुंडाळून ठेवला. एवढंच.

संध्याकाळी दादा दारातच उभा.

"ठमे, हात आला होता गं!"

"आला होता म्हणजे?"

"सकाळी. थोडा वेळच. एकदम गार पाणी लागलं. कुणीतरी माझा हात धुतंय असं वाटलं, मऊ ब्रशनं, बेचक्यांतून. लहानपणी आई धुवायची तसा. मग कशात तरी गुंडाळला. बरं वाटलं बघ." तो हसत होता. "म्हणजे शीर सुटतेय. हो की नाही?"

"हो," मी म्हणाले.

मी मूर्ख नाही. योगायोग असतो, हे मला कळतं. दादाला मी रोज कामाचं सांगते. हात धुवायचा आहे असंही सांगितलं असेल, आणि त्याच्या मनानं बाकीचं रचलं असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी मी कुणाला काही न सांगता, जेवणाच्या सुट्टीत, खोली रिकामी असताना, कापड हीटरवर तापवलं आणि त्या हाताला शेक दिला. घरी आल्यावर एक अक्षर विचारलं नाही. जेवायला बसलो. त्यानंच पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाला, "दुपारी कुणीतरी शेकलं गं. गोळ्या चांगल्या आहेत या."

मी अर्धं ताट तसंच उचलून मोरीत ठेवलं.

त्याच आठवड्यात सरांनी पूर्ण ढेकळाचा एक्स-रे काढायला सांगितला. एक्स-रेवाल्यानं पडद्यावर चित्र आणलं आणि शीळ घातली. सगळ्या कवचाच्या पोटात एकच मोठी पोकळी होती. गुडघे पोटाशी घेऊन बसलेला माणूस. मान खाली, पाठीला पोक, डावा हात पुढे. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला.

"आधीच्या चित्रात हे नव्हतं," मी म्हणाले.

"नव्हतंच." या वेळी तो हसला नाही. "मशीनमध्ये बिघाड असेल, ताई. तपासून घेतो."

दुकानात शिरताना माझी नजर रोज ज्या पाठीवर पडते, ती पाठ मी कशी विसरेन? दादाचा उजवा खांदा असाच उतरलेला आहे. मी तो पडदा बंद केला. खोलीत पंपांची घरघर चालू होती आणि तिच्या आड ढेकळाच्या भोकातून बारीक, थांबून थांबून हवा आत ओढली जात होती. मी कान लावला नाही.

५

सरांच्या खोलीत गेले. खरं सांगितलं असतं तर त्यांनी खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं आणि घरी पाठवलं असतं. म्हणून त्यांना कळेल अशा भाषेत बोलले. कवच पातळ झालंय, आत भेगा आहेत, मीठ निघालेलं नाही, आत्ता ओतलं तर फुटेल. वर्षभर टाकीत राहू दे.

"बाई, मंत्र्यांचा माणूस येणार आहे. दालनाचं उद्घाटन आहे."

"सर, मी आजवर कधी 'थांबा' म्हटलं आणि चुकीचं निघालं का?"

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. वाईट माणूस नाही. नुसता घाईत असलेला माणूस. "बरं. ठेवा टाकीत."

दादानं डाव्या हातानं अर्धीमुर्धी आणि मी उरलेली शिवलेली ती झोळी ढेकळाला घातली, आणि क्रेननं ते पाण्यात सोडलं. पाणी वर आलं, भोकातून बुडबुडे निघाले, थांबले. मला वाटलं, झालं. काही करायचं नाही, काही बदलायचं नाही, वस्तू आहे तशी, ओली, अंधारात ठेवायची. दुसरी कुणी असती तर घण घेऊन ते फोडलं असतं, नाहीतर होडीत घालून समुद्रात परत टाकलं असतं. मला दोन्ही सुचलं नाही. एवढी वर्षं मला फक्त जपायला शिकवलंय.

आणि फोडलं असतं तर त्याचं काय झालं असतं, ते तरी कुणाला माहीत होतं?

६

शेवटी मी दादाला सांगितलं. एकटीला पोटात ठेवणं जमेना. स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी राहून, त्याच्याकडे पाठ करून सगळं सांगितलं. नख, ब्रश, शेक, पडद्यावरची पाठ. तो हसेल म्हणून मी वाट बघत होते.

"म्हणजे माझा पुतळा होणार," तो म्हणाला. "फुकटात. मोठ्या लोकांना पैसे मोजावे लागतात."

"दादा, चेष्टा नको."

"मग काय करू? रडू?" खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "मला वाटलंच होतं गं काहीतरी. त्या दिवशी हात आत घातला ना, तेव्हा आतून कुणीतरी चाचपत होतं. बोटांवरून. आम्ही गिऱ्हाइकाच्या अंगावरून हात फिरवतो ना, तसं. मी म्हटलं भास असेल. मी त्याचं माप घेत होतो, ते माझं घेत होतं."

"तेव्हाच का नाही बोललास?"

"तू ओरडली असतीस."

मग मी रडले. त्यानं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, जड आणि ऊबदार. म्हणाला, "एक सांग. ते ओतलं तर मला कळेल का? त्याच्या आत?"

त्याला हात धुतलेला कळला होता, शेक कळला होता. उत्तर त्यालाच माहीत होतं.

"मग ओतू देऊ नकोस," तो म्हणाला. एवढंच. आजवर त्यानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"माझ्या अंगात जीव आहे तोवर कुणी ओतणार नाही," मी म्हणाले.

७

मोठ्या डॉक्टरांच्या तारखेला मी रजा काढली. वेळ दुपारची होती. सकाळभर दादा दुकानात बसून डाव्या हातानं टाके घालायची सवय करत होता, आणि वाकडं गेलं की मशीनला शिव्या घालत होता. मी मागे कपडे घडी करत होते. शिव्या थांबल्या.

"ठमे, पंखा लाव गं. उकडतंय."

पंखा लावलेलाच होता. मी पुढे आले. तो घामानं भिजला होता, चेहरा लाल. कपाळाला हात लावला आणि चटका बसला. छातीला, पोटाला हात लावला, तिथे त्याहून जास्त. पाय मात्र साधेच होते. हा ताप नव्हे, हे माझ्या हाताला आधी कळलं आणि मला नंतर. जाड भाग आधी तापतो.

मी एक्स-रेवाल्याला फोन लावला.

"ताई, सरांनी सांगू नका म्हटलं होतं. तुम्हाला आनंदाचा धक्का द्यायचा होता." तो चाचरत होता. "उद्घाटन उद्यावर आलं. काल तुम्ही घरी गेल्यावर टाकीतून काढलं, आज सकाळी ओतलं."

"आडवं करा. ओतून टाका! सगळं बाहेर काढा, ऐकतोयस का?"

"आता कसं काढणार? मधला भाग केव्हाच धरला."

"मग निदान कवच फोडू नका. सरांना सांग. माझी शपथ आहे, फोडू नका."

"सांगतो," तो म्हणाला. त्याच्या मागे पंपांची घरघर ऐकू येत होती.

सरांना फोन लावला. उचलेनात. अॅम्ब्युलन्सला लावला. निघतोय म्हणाले. मी चपला घातल्या, दारापर्यंत गेले. टॅक्सीनं गेले तर घण हिसकावता येईल, दारात आडवी पडता येईल.

"जाऊ नकोस," दादा म्हणाला.

मागे वळून बघितलं. तो मशीनवर वाकून बसला होता, मान खाली. उठायचा प्रयत्न करत होता आणि उठता येत नव्हतं. मी परत आले. दुसरं काय करणार होते? त्याच्या शेजारी स्टुलावर बसले आणि त्याचा डावा हात माझ्या उजव्या हातात घेतला.

"पाठ गेली," तो म्हणाला. नंतर म्हणाला, "पोट." त्याचा आवाज दर वेळी बारीक होत होता, छाती भरत नसल्यासारखा. मी पाय चोळत होते, हात चोळत होते, नाव घेऊन हाका मारत होते. माझ्या तोंडाला येईल ते बोलत होते. मी आहे, मी कुठे जात नाही, अॅम्ब्युलन्स येतेय, काही होत नाही तुला, तू माझं ऐकत कसा नाहीस, नुसता बसून राहतोस.

"भांडतेस," तो म्हणाला. "म्हणजे घाबरलीस." त्याचे ओठ हलायचे थांबले. डोळे माझ्याकडे होते. ते हळूहळू कोरडे पडत गेले, आणि मी त्यांच्यावर ओलं फडकं फिरवलं. पापणी मिटली नाही. अंग आता गार होत चाललं होतं. कपाळाला हात लावला; टेबलाला हात लावल्यासारखं वाटलं.

पण डाव्या हाताची बोटं अजून त्याची होती. ती माझी बोटं दाबत होती. सोडत होती, पुन्हा दाबत होती. मी मनात म्हणत होते, एवढंच राहू दे. बाकी सगळं घ्या, एवढी बोटं राहू द्या, मी याला जन्मभर सांभाळीन. बाहेर दुपार उतरली, रस्त्यावर शाळा सुटल्याचा गलका झाला, थांबला. अॅम्ब्युलन्सचा पत्ता नव्हता. मी त्यांना पुन्हा फोन केला. येतोय म्हणाले.

मग अचानक त्याची बोटं आवळली. पुन्हा. पुन्हा. ठराविक अंतरानं, दचकल्यासारखी. काय होतंय ते मला ओळखता यायला हवं होतं. मी आयुष्यभर त्याच तालावर छिन्नी मारत आलेय. ती आवळली की इतकी जोरात आवळत होती, की माझी हाडं एकमेकांवर घासत होती. मी ओरडले, पण हात काढून घेतला नाही. कसा काढणार?

हळूहळू दुखायचं थांबलं. त्याची बोटं थांबली म्हणून थांबलं असेल, असं मला वाटलं.

फोन वाजला. डाव्या हातानं उचलला. सर होते.

"बाई, रागावू नका, आधी ऐका!" त्यांचा आवाज आनंदानं थरथरत होता. मागे छिन्नीचे घाव चालू होते. "अर्धं कवच निघालं. एक भेग नाही, एक बुडबुडा नाही. असा माणूस मी पाहिला नाही! पापण्यांचे केससुद्धा आलेत. ओठ उघडे आहेत, काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखे. तुम्ही आज इथे असायला हव्या होत्या."

मी दादाच्या उघड्या ओठांकडे बघितलं.

"पण एक विचारायचं होतं. एक्स-रेत एकच माणूस होता ना? याच्या डाव्या हातात आणखी कुणाचा तरी हात आहे. घट्ट धरलेला. बाईचा हात दिसतो, उजवा. मनगटापर्यंत भरलाय, तिथे रेझिन संपलं."

मी खाली बघितलं. माझी बोटं दादाच्या बोटांत होती. उघडायला गेले. खांदा हलला, कोपर हललं. मनगटाच्या पुढे मला काही कळत नव्हतं. त्याचा हात कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो तेही नाही.

"सर," मी म्हणाले. "सर, थांबा."

"थांबतो कसला, बाई! पलीकडचं कवच अजून शाबूत आहे, आणि पोकळी पुढे जातेय. हा एक्स-रेवाला म्हणतो, चांगली मोठी आहे." मग तोंड फोनपासून दूर नेऊन ते कुणाला तरी म्हणाले, "रेझिन कालवलंस? आण इकडे."